‘पेशंट शांत’ लिहिण्याआधी

आमच्या वॉर्डात नाइट रिपोर्टचं जाडजूड रजिस्टर होतं. त्यात माझ्या अक्षरात सलग चार रात्री एकच ओळ आहे : ‘पेशंट शांत. झोप चांगली. काही तक्रार नाही.’ मी तेव्हा सर्जरीतून बदलून आलेली, सायकियाट्रीत नवखी. पेशंट जतकडचा, तिशीतला, क्लोझापीन या मानसोपचाराच्या गोळीवर. पाचव्या दिवशी सकाळी त्याचं पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं आणि उलट्या सुरू झाल्या. संडास कधी झाली होती, हे कुणालाच सांगता येईना. क्लोझापीननं आतड्याची हालचाल मंदावते आणि साध्या बद्धकोष्ठतेवरून गोष्ट आतडं अडण्यापर्यंत जाते. त्यात माणूस दगावूही शकतो. हा वाचला. अकरा दिवस सर्जरीत काढून परत आला आणि मलाच म्हणाला, “सिस्टर, तुमी बऱ्या हाय न्हवं?”

तो शांत होता, हे खोटं नव्हतं. पोट दुखतंय हे आपणहून सांगण्याइतकं त्याला सुचत नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

आता मी रिटायर होऊन तीन वर्षं झाली. सांगलीत विश्रामबागेत घर आहे, सकाळी फिरायला जाते, दुपारी कंटाळा येतो. भाची जी.एन.एम.ला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला आहे आणि तिचं मानसिक आरोग्याचं पोस्टिंग तोंडावर आलंय. परवा म्हणाली, “मावशी, तिथं करायचं काय असतं गं? ना सलाइन, ना ड्रेसिंग.” तिला सांगायला बसले आणि एवढं लिहून झालं. तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरींसाठी आहे. पोरांसाठीही, आता ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, बरेच असतात, आणि बरं झालं.

जाण्याआधी

राज्यात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपल्याकडून कोणी येरवड्याला जातं, कोणी आंबा घाट उतरून रत्नागिरीला, कुणाला जवळच्याच जनरल हॉस्पिटलचा मानसोपचार वॉर्ड मिळतो. घरचे म्हणतील, “येडी होऊन येशील.” माझी सासू म्हणाली होती. हसून सोडून द्या. पण तुमच्या तोंडी मात्र तो शब्द नको, स्टाफरूममध्येसुद्धा नको. भिंती पातळ असतात.

केसांचा अंबाडा घाला. ओढणी असेल तर पिनअप करा, लोंबणारी कानातली घरी ठेवा. ओळखपत्राची दोरी गळ्यात न घालता क्लिपनं खिशाला लावा. खिशात कात्री, ब्लेड, सुई नको. ट्रेमधल्या वस्तू नेताना मोजायच्या आणि आणताना मोजायच्या. दाढीच्या दिवशी ब्लेड मोजून झाल्याशिवाय ड्यूटी सोडायची नाही. पेशंटशी बोलायला बसाल तेव्हा दार तुमच्या बाजूला असू द्या, तुमच्या आणि दाराच्या मध्ये पेशंट नको. एवढी काळजी पुरते. मारहाणीच्या ज्या गोष्टी सीनियर सांगतात त्यातल्या निम्म्या तुम्हाला घाबरवायला असतात. माझ्या एकोणीस वर्षांत मला दोनदा लागलं, आणि दोन्ही वेळा मी घाईत मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला होता.

स्टूल

पहिल्या दिवशी फाइल उघडू नका. एक स्टूल घ्या आणि बसा. उभी नर्स म्हणजे कामाची नर्स, तिला सगळे कामापुरतंच बोलतात. बसलेल्या नर्सला माणसं सांगतात. पलंगावर बसू नका, ती त्यांची जागा आहे. हातभर अंतर ठेवा, थोडं तिरपं बसा. अगदी समोरासमोर बसलं की चौकशी चालल्यासारखं वाटतं, आणि ज्याला आधीच सगळे आपल्यावर पाळत ठेवतायत असं वाटतंय त्याला तर फारच.

हाक कशी मारायची? नाव आणि नातं. मावशी, काका, अक्का, अण्णा, आजी. आपल्या वयाच्या मुलाला ‘दादा’ म्हणा, सगळं सोपं होतं. ‘ए सतरा नंबर’ असं कुणी म्हणत असेल तर तुम्ही म्हणू नका. मिरजेला अथणी, चिकोडीकडून येणारे पेशंट पुष्कळ, त्यांच्यासाठी दोन वाक्यं पाठ करून ठेवा : “ऊटा आयता?” म्हणजे जेवण झालं का, आणि “निद्दी बंता?” म्हणजे झोप आली का. माझी कानडी ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. हसल्या की बोलायच्या.

आणि पहिल्याच भेटीत सांगून टाका : मी शिकायला आलेय, इतके दिवस आहे, अमुक तारखेला जाणार. हिल्डगार्ड पेप्लॉ या अमेरिकन नर्सनं १९५० च्या दशकात नर्स-पेशंट नात्याचे टप्पे मांडले, ते तुम्ही परीक्षेसाठी घोकालच. त्यातला निरोपाचा टप्पा शेवटी येतो, पण त्याची तयारी पहिल्या दिवशी होते.

गुपिताचं वचन देऊ नका. “सिस्टर, कुणाला सांगू नका, पण…” असं कुणी सुरू केलं की तिथंच थांबवून म्हणायचं, “तुमच्या जिवाशी संबंध असेल तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल, बाकीचं माझ्याजवळ राहील.” बहुतेक जण तरीही सांगतात.

प्रश्न आपल्या भाषेत

मानसिक स्थितीच्या तपासणीचा छापील फॉर्म असतो. तो समोर धरून वाचत बसलात तर उत्तरंही छापील मिळतात. “तुम्हाला उदास वाटतं का?” असं आटपाडीच्या आजीला विचारा, ती म्हणेल, “न्हाई बाई.” तेच “करमतंय का? जीव लागतोय का कशात?” असं विचारा. मग ऐका : डोकं गच्च झालंय, डोक्यात भिरभिर होतंय, काळीज धडधडतंय, हातापायातलं बळ गेलंय, अंगाला मुंग्या येतात. आपल्याकडचं नैराश्य पुष्कळदा अंगदुखी घेऊनच ओपीडीत येतं. ते शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहा. ‘पेशंटला नैराश्य आहे’ हे लिहायला डॉक्टर आहेत.

तारीख विचारली आणि सांगता आली नाही, म्हणून लगेच भान नाही असं लिहू नका. खेड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना तारखेशी देणंघेणं नसतं. आज वार कुठला, एकादशी होऊन गेली का, बेंदूर झाला का, शेतात आता काय उभं आहे, हे विचारा. एक काका तारीख सांगू शकले नव्हते, पण त्या दिवशी सांगलीच्या बाजारात हळद काय भावानं गेली ते त्यांनी क्विंटलच्या हिशेबात सांगितलं. शंभरातून सात वजा करत जायला सांगण्याऐवजी शाळा न शिकलेल्याला वीसपासून उलटे आकडे किंवा वार उलटे म्हणायला सांगा, नाहीतर पन्नासची नोट देऊन बत्तीसचं सामान घेतलं तर परत किती, असं विचारा. तारतम्य बघायला जुन्या प्रश्नपत्रिकेत असतं, ‘रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सापडलं तर?’ आता पत्र कोण टाकतं? एसटीत सीटवर कुणाचा मोबाइल सापडला तर काय कराल, असं विचारा. म्हणीचा अर्थ विचारताना ‘नाचता येईना अंगण वाकडं’ चालते. एका बाईंनी मला सांगितलं होतं, “अंगण सारवलं न्हाई तर वाकडं दिसणारच की.” ते तसंच लिहिलं. शब्दाचा अर्थ लागतोय, त्याच्या पलीकडचा लागत नाही, एवढं त्यावरून डॉक्टरांना कळलं.

आवाजाबद्दल विचारताना ‘भास’ हा शब्द टाळा. त्यात ‘तुला उगीच वाटतंय’ असं दडलेलं असतं. “आजूबाजूला कुणी नसताना कानाशी कुणी बोलतं का?” हो म्हटलं, की पुढचे प्रश्न सोडू नका : कोण बोलतं? काय सांगतं? ते सांगतात तसं करावं लागतं का? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगणारा आवाज असेल तर स्टूलवरून उठून आधी सिस्टर इन्चार्जला सांगा, फाइल मागाहून. त्यांच्याशी वाद घालू नका आणि हो ला हो पण करू नका. माझं ठरलेलं वाक्य होतं : “मला तो आवाज ऐकू येत नाही. पण तुम्हाला येतोय आणि त्यानं भीती वाटतेय, हे मला दिसतंय.” आवाज खरा की खोटा यावर तासभर घालवलेल्या स्टुडंट मी पाहिल्यात. दोघंही दमतात.

बाहेरचं

‘आधी कुठं दाखवलं होतं?’ हा प्रश्न न चुकता विचारा आणि चेहरा सरळ ठेवा. देवऋषी, अंगारा, करणी, बाहेरचं, अमुक गावचा भगत, सगळी यादी येईल. तुम्ही नाक मुरडलंत की यादी बंद, आणि आजार किती महिन्यांपूर्वी सुरू झाला हे कळायचा एकमेव रस्ताही बंद. अंगात येणारी प्रत्येक बाई आजारी नसते. मांढरदेवीला, पालीला आपण सगळ्यांनीच पाहिलंय. देवळात, ठरावीक वेळी येतं, जातं, आणि घरी येऊन ती भाकऱ्या थापते, तर ती त्या माणसांची रीत आहे. वेळीअवेळी येतं, झोप उडालीय, घर चालेना, तर मग बघायला हवं. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीनं किंवा दोरीनं बांधलं, मारलं, चटके दिले तर मात्र तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले, आणि त्यांचा खून झाल्यावर त्याच वर्षी तो आला. अंगावर वळ, मनगटावर साखळीचे घट्टे दिसले तर किती लांबीचे, कुठं, हे नीट लिहून कळवा.

मरणाबद्दल विचारणं

याच प्रश्नाला स्टुडंट सगळ्यात जास्त घाबरतात. विचारलं तर त्यांच्या डोक्यात नाही ते घालू, असं वाटतं. तसं होत नाही. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट पुष्कळांना कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं.

पायऱ्यापायऱ्यांनी विचारा. “एवढा त्रास होतो तेव्हा जीव नकोसा होतो का?” मग, “मरून जावं असं मनात येतं?” मग, “काही करायचं ठरवलंय का? कधी? याआधी कधी केलं होतं?” आणि आपल्या भागात एक प्रश्न वेगळा : “घरात फवारणीचं औषध कुठं असतं?” इकडे ‘औषध पिलं’ म्हटलं की काय पिलं हे सांगावं लागत नाही. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ हा सगळा द्राक्षाचा पट्टा, घरोघरी बाटल्या. डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगायचं : बाटल्या कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, आणि गोळ्यांचा डबाही पेशंटच्या हातात नको.

अशा पेशंटला ‘नाटकी’ म्हणणारे वॉर्डात भेटतील, पांढऱ्या कपड्यातलेही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमलात आला २९ मे २०१८ ला. त्याचं कलम ११५ असं धरून चालतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणाऱ्या, भारतीय दंड संहितेतल्या जुन्या ३०९ कलमासारखा सरसकट गुन्हाही राहिला नाही. म्हणजे कायद्यानं जे समजून घेतलंय तेवढं तरी आपण घ्यायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, पेशंटला आणि घरच्यांनाही कागदावर लिहून द्या. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

एक लक्षात ठेवा : आठ दिवस कुढत पडलेला माणूस एका सकाळी अचानक मोकळा, हसरा दिसला, आणि औषधाला अजून आठवडाही झाला नाही, तर ‘पेशंट शांत, प्रसन्न’ लिहून पुढच्या पलंगाकडे जाऊ नका. त्या दिवशी स्टूल त्याच्याकडे आधी.

गोळ्या

गोळी लॉकरवर ठेवून जायची नाही. समोर घ्यायला लावायची, ग्लासभर पाणी पूर्ण प्यायला सांगायचं, मग “जीभ वर करा, गाल दाखवा.” चार वाक्यं बोलून घ्या, गालात गोळी असली तर बोलताना कळते. आणि पकडलीत तर ओरडू नका. का टाळली ते विचारा. नव्वद टक्के वेळा उत्तरात तुमच्या कामाचं काही असतं : लाळ गळते, दिवसभर झोप येते, अंग जड होतं, बायकोजवळ जाता येत नाही. हे शेवटचं ते बाई नर्सला सांगणार नाहीत, म्हणून म्हटलं ब्रदर आले ते बरं झालं.

घरी कालवणात, चहात गोळी मिसळून देणारे नातेवाईक खूप. रागावू नका, पण डॉक्टरांना सांगा. कधी कळलं तर त्या माणसाचा जेवणावरचा, मग घरावरचा विश्वास जातो.

आता हॅलोपेरिडॉल, भास-भ्रम आटोक्यात आणायचं औषध. आटपाडीचा एकोणीस वर्षांचा मुलगा, आदल्या दिवशी इंजेक्शन दिलेलं. रविवारी दुपारी मान डावीकडे पिरगळली, डोळे वर चढले, जीभ बाहेर. आईनं उशाखाली लिंबू ठेवलं आणि रडायला लागली, “देवीनं मान धरली हो.” याला डिस्टोनिया म्हणतात. तरुण मुलांत, पहिल्या काही दिवसांत जास्त दिसतो. मुलगा शुद्धीवर असतो आणि भयंकर घाबरलेला असतो. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी सांगितल्यावर फेनरगन दिलं, वीस मिनिटांत मान सरळ. श्रेय लिंबाला मिळालं. मी वाद घातला नाही. पुढच्या खेपेला आधी सिस्टरला हाक मारायची, मग लिंबू, एवढं आईकडून कबूल करून घेतलं.

त्याच औषधांनी दुसरी एक गोष्ट होते, ती ओळखायला अवघड. पेशंट बसत नाही, येरझारा घालतो, उभ्या उभ्या पाय बदलतो. रिपोर्टात जातं ‘पेशंट बेचैन, आक्रमक’, आणि मग डोस वाढतो, मग बेचैनी वाढते. त्याला विचारा, “मनात घालमेल होतेय की पायच एका जागी राहीनात?” पाय म्हणाला तर ते अकॅथिसिया, औषधाचा परिणाम. आणि ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम, भान हरपत चाललंय, असं एकत्र दिसलं तर पुढचा डोस थांबवून धावत जा. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम क्वचित होतो, पण त्यात वेळ नसतो.

लिथियमवर, म्हणजे मूडचे चढउतार आवरायच्या गोळीवर, थोडं थांबते, कारण आपल्या भागात ते फसतं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मध्ये ठेवतात, दीडच्या वर विषबाधा. औषध आणि विष यांच्यात इतकंच अंतर. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचं. सकाळी गोळी देऊन मग रक्त काढलंत तर आकडा फसवा येतो, आणि ही चूक नर्सचीच असते. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. आता विचार करा : ऊसतोडीचा घाम, जतचा उन्हाळा, हगवण, आणि नवरात्रात नऊ दिवस अळणी उपास. माझ्या एका अक्कांना घटस्थापनेनंतर सहाव्या दिवशी आणलं, हात जाडजूड थरथरतायत, बोलणं जड, चाल झोकांड्या खाणारी, उलट्या. घरच्यांना वाटलं आजार उलटला. कुणी विचारलंच नव्हतं की ताई, उपास मिठाचा की बिनमिठाचा. रमजानमध्ये मिरजेत हाच प्रश्न पाण्याबद्दल. उपास सोडा म्हणू नका. डॉक्टरांना विचारून मगच धरा म्हणा. अंगदुखीला मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही लिथियम वाढवते.

क्लोझापीनचं पोट सांगितलं. त्यात पांढऱ्या पेशीही घटू शकतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त. घसा दुखतोय, ताप आलाय असं म्हणाला तर ‘हवापालट’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी सी.बी.सी., म्हणजे रक्तपेशींची तपासणी. महिन्याच्या इंजेक्शनचं एवढंच : फ्लुफेनाझिन तेलातलं असतं, सिरिंज कोरडी हवी, कमरेत खोल, झेड पद्धतीनं कातडी सरकवून द्यायचं, नंतर चोळायचं नाही.

तिसरी रात्र

हा भाग सायकियाट्रीत कमी आणि ऑर्थो, मेडिसिनमध्ये जास्त कामाला येईल. मोटरसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला माणूस दोन दिवस ठीक असतो. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात, सलाइनची नळी साप वाटते, घामानं भिजतो, पलंगावरून उतरायला लागतो. वॉर्ड म्हणतो वेड लागलं, सायकियाट्रीला कॉल करा. दारू बंद होऊन किती तास झाले ते मोजा. थरथर पहिल्या दिवसात, झटके बहुधा ४८ तासांच्या आत, आणि हा उन्माद ४८ ते ९६ तासांत. म्हणून भरती होतानाच बायकोला बाजूला घेऊन विचारायचं : रोज किती, क्वार्टर की जास्त, शेवटची कधी. “घेता का?” विचारलं तर “कधीमधी” येतं. “रोज किती?” विचारलं तर आकडा येतो. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलंय का, हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला लाजू नका.

फवारणीचं औषध प्यालेल्यांना उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन भरपूर द्यावं लागतं, त्यातूनही माणूस बडबडायला लागतो : चादर चिमटीत पकडतो, हवेत काही वेचतो, कातडी कोरडी, बाहुल्या मोठ्या, नाडी पळते. हेही मनाचं आजारपण समजू नका.

साधी खूण अशी की दिवसभरात भान चढतं-उतरतं, रात्री बिघडतं, लक्ष एका जागी टिकत नाही, आणि आवाजांपेक्षा दिसणं जास्त, तर आधी शरीर तपासा. आणि याचाही एक ‘शांत’ प्रकार आहे. म्हातारा माणूस नुसता पडून राहतो, हाक मारली की क्षणभर डोळे उघडतो, जेवण तोंडात धरून ठेवतो. त्रास देत नाही म्हणून कुणी बघत नाही.

बांधणं आणि शॉक

नातेवाईकच म्हणतात, “बांधा की त्याला.” कायदा म्हणतो, त्या माणसाला किंवा इतरांना लगेच होणारी इजा टाळायला दुसरा उपायच उरला नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीनं, गरजेपेक्षा मिनिटभर जास्त नाही; नोंद करायची, आणि २४ तासांत पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (त्याच्या वतीनं नेमलेल्या माणसाला) कळवायचं. शिक्षा म्हणून नाही, आणि स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. रात्रपाळीला पन्नास पेशंटांवर दोन नर्स असताना हे वाक्य वाचून मला रागच आला होता, खोटं कशाला बोलू. पण ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या २८ जणांना पळता आलं नाही. साखळीला आता कायद्यात जागाच नाही. कापडी पट्टा बांधावाच लागला तर खाली दोन बोटं शिरली पाहिजेत, दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग आणि गारवा बघायचा, पाणी विचारायचं, लघवी विचारायची.

त्याआधी मात्र हे करून बघा : आवाज खाली, हात दिसतील असे, गर्दी बाजूला, एकीनंच बोलायचं. “काय झालंय सांगा मला, मी इथं थांबते.” मी कितीदा तरी चहा विचारून वेळ मारून नेलीय.

ई.सी.टी. म्हणजे उपचाराचा विजेचा शॉक, त्याला गावात ‘करंट’ म्हणतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय देणं कायद्यानं बंद आहे. तुमचं काम : संमतीचा कागद, सहा तास उपाशी, कवळी, पिना, दागिने काढणं, लघवी करवून घेणं. आदल्या दिवशी डोक्याचं तेल धुवायचं. मंगळसूत्र काढायला बायका तयार नसतात. त्यांच्याच रुमालात बांधून त्यांच्यासमोर नवऱ्याच्या नाहीतर आईच्या हातात द्या, सही घ्या, आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं ते गळ्यात घालायला मदत करा. नंतर कुशीवर, आणि “तुम्ही हॉस्पिटलात आहात, मी सिस्टर” हे पाच-सहा वेळा सांगायची तयारी ठेवा.

रिपोर्ट

भाचीला मी दोन नमुने लिहून दिले. पहिला : ‘पेशंट शांत. औषधं दिली. तक्रार नाही.’

दुसरा : ‘सकाळी ८ ते दुपारी २. पलंगावर भिंतीकडे तोंड करून. स्वतःहून बोलल्या नाहीत. तिसऱ्या हाकेला “हूं”. पोहे निम्मे, दुपारी अर्धी भाकरी, पाणी तीन ग्लास. लघवी दोनदा. संडास नाही, आज तिसरा दिवस, डॉक्टरांना ११.३० ला कळवलं. गोळ्या घेतल्या, तोंड तपासलं. १२.१५ ला मुलगा आल्यावर उठून बसल्या, म्हणाल्या, “म्हशीला कोण बघतंय?” हातांना थरथर नाही. जीव नकोसा होतो का विचारलं, मान नकारार्थी हलवली, नजर खाली.’

दुसरा लिहायला चार मिनिटं जास्त लागतात. ‘आक्रमक’, ‘हट्टी’, ‘सहकार्य करत नाही’ हे शब्द लिहावेसे वाटले की पेन थांबवा आणि त्याऐवजी काय घडलं ते लिहा : कोण काय म्हणालं, मग त्यांनी काय केलं. झोप ‘चांगली’ लिहू नका, किती ते किती ते लिहा. डोळे मिटलेले म्हणजे झोप नव्हे. श्वास बघा, टॉर्च तोंडावर मारू नका.

शेवटच्या दिवशी पोरी भावुक होतात. मोबाइल नंबर देतात, बांगड्या देतात, “परत येते हं” म्हणतात. एका बॅचमधल्या मुलीला अथणीच्या एका आजीनं विचारलं, “नाळे बर्तीया?” उद्या येणार का? तिला कानडी येत नव्हती, तिनं हसून मान डोलावली आणि बसमध्ये बसून गेली. दुसऱ्या दिवशी आजी सकाळी सातला दाराजवळच्या बाकावर येऊन बसली. नाष्टा तिथंच मागून घेतला. बाराला जेवायला उठली नाही. मी जवळ स्टूल नेलं, “इल्ला अज्जी”, नाही आजी, म्हटलं, तरी उठली नाही. त्या दिवशीच्या रिपोर्टात मी ते सगळं वेळेसकट लिहिलं.